वजन द्यायचं

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी संध्याकाळी मी तीसेक अनोळखी माणसांचे हात धरले. मोजले नव्हते, पण हॉलमध्ये चार चौकोन होते, एकेका चौकोनात आठ माणसं आणि दर नाचाला माणसं बदलत होती, म्हणजे तीस तर नक्कीच झाले असतील. एक हात सुताराचा होता, जाड आणि खरखरीत. एक दहा-अकरा वर्षांच्या मुलाचा, थंडगार. एका आजोबांची दोन बोटं अर्धीच होती आणि पकड मात्र सगळ्यात पक्की. घरी जाताना गाडीत मी आठवत होते की ह्याच्या आधी मी कुणाचा हात कधी धरला होता, आणि मला ते पटकन आठवेना.

नवरा जाऊन तीन वर्षं झाली. मुलगी शिकायला सिएटलला. मी डरॅममध्ये, म्हणजे नॉर्थ कॅरोलायनात, एकोणीस वर्षं राहतेय, काम घरून, कॉम्प्युटरवर. आपल्या मराठी मंडळात सगळे प्रेमानं भेटतात, पण आपल्याकडे भेटणं म्हणजे नमस्कार, फार तर पाठीवर हात. आजारपणात माणसं डबे आणतात, दारात उभं राहून विचारपूस करतात, मी त्या सगळ्यांची ऋणी आहे. पण स्पर्श हळूहळू आयुष्यातून निघून जातो आणि गेला हे कळतही नाही, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं कारण मला स्वतःलाच ते कळलं नव्हतं.

शेजारच्या बाई, पंचाहत्तरीच्या, लायब्ररीतून रिटायर झालेल्या, त्यांनी विचारलं, शनिवारी स्क्वेअर डान्सला येणार का. मला नाचता येत नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, चालता येतं ना, मग झालं. दिवाळीचे शंकरपाळे शिल्लक होते ते डब्यात भरले आणि गेले.

हॉल हिल्सबरोच्या पुढे, मेबेनकडे जाताना, शेतांच्या मधोमध. शेतकऱ्यांच्या जुन्या संघटनेची ही इमारत, अशांना इथे ग्रेंज हॉल म्हणतात. लाकडी जमीन, वर्षानुवर्षं पाय घासून गुळगुळीत झालेली, भिंतीला लागून घडीच्या खुर्च्या, एका टेबलावर पाय, म्हणजे तो इथला खायचा पदार्थ, आणि कॉफी आणि पाण्याचे जग, आणि दारात एक टोपली, ज्याला जमेल त्यानं दहा डॉलर टाकायचे. दारू नाही. लहान मुलं इकडून तिकडे पळतायत. आणि कोपऱ्यात चार माणसं अर्धगोल करून बसलेली, फिडल, बँजो, गिटार आणि उभा बेस, त्यांचं बराच वेळ नुसतं सूर लावणं चाललेलं.

फिडल म्हणजे व्हायोलिनच, वाद्य तेच. पण मी सांगलीत वाढले, आमच्यासाठी व्हायोलिन म्हणजे प्रभाकर जोगांचं गाणारं व्हायोलिन, तारेतून शब्द ऐकू यायचे. इथे मी तशा गाण्याची वाट बघत बसले आणि ते आलंच नाही. फिडलवाल्या बाईंनी वाद्य हनुवटीखाली दाबलंसुद्धा नव्हतं, छातीशी खाली धरलेलं, आणि गज आखूड आखूड, एका वेळी दोन तारांवर, एकीवर धून आणि दुसरी नुसती गुंजत राहणारी. तारा नेहमीच्या व्हायोलिनसारख्या लावलेल्याच नव्हत्या. जाड दोन तारा एकेक सूर वर चढवल्या की चारी तारांत मिळून फक्त दोनच स्वर राहतात, ए आणि ई, खाली आणि वर, आणि मग कुठेही गज लागला तरी मागे षड्ज-पंचम भरलेलाच असतो. हे मला ऐकूनच ओळखीचं वाटलं होतं, त्याचं कारण मध्यंतरात विचारल्यावर कळलं. एकदा अशा तारा लावल्या की पुन्हा बदलायला वेळ लागतो म्हणून बँड बराच वेळ एकाच पट्टीत वाजवतो, बँजोवाल्यालाही तसंच जुळवून घ्यावं लागतं.

बँजोला पाचवी तार असते, आखूड, तिची खुंटी मानेच्या मध्येच बाजूला. ती अंगठ्यानं छेडायची आणि ती सबंध वेळ एकच उंच स्वर देत राहते. बाकीच्या तारांवर बोटाचं नख वरून खाली मारायचं, ह्याला क्लॉहॅमर म्हणतात. टिकटिक आणि गुणगुण एकाच हातातून येते. ह्या वाद्याचं मूळ आफ्रिकेत आहे, सेनेगल-गांबियाकडे आकोंटिंग नावाचं भोपळ्याचं वाद्य आजही वाजवतात, त्यातही एक आखूड तार अंगठ्यानं छेडतात आणि नख तसंच खाली मारतात. गुलाम करून आणलेल्या माणसांना आपलं वाद्य बरोबर घेऊ दिलं नसणार, पण ते कसं बनवायचं आणि बोट कसं मारायचं हे त्यांच्या हातांत होतं, ते कसं काढून घेणार.

संगीत ओल्ड-टाइम म्हणतात ते. ब्लूग्रास नावाच्या इथल्याच दुसऱ्या एका संगीतात एकेक वादक पुढे येऊन आपली कमाल दाखवतो, इथे तसं नाही, सगळे मिळून एकच धून, पहिला भाग दोनदा, दुसरा भाग दोनदा, आणि परत पहिल्यापासून, दहा मिनिटं, बारा मिनिटं, नाच संपेपर्यंत. नुसतं ऐकायला बसलं तर पाचव्या वेळी वाटतं की कळलं आता. नाचायला उभं राहिलं की विसाव्या वेळीही ती धून पायाखाली लागते, तेव्हा जाणवतं की ही पायांसाठीच केलेली आहे. थांबायचं कसं ठरतं तर एकजण बसल्या बसल्या एक पाय वर उचलतो, म्हणजे एवढी शेवटची फेरी. मला हा पाय फार आवडला, नंतर मी प्रत्येक नाचात त्याच्यावर डोळा ठेवून होते.

आता नाच. चार जोड्या, चौकोनाच्या चार बाजूंना, तोंडं आत. बँडकडे पाठ असलेली जोडी एक नंबर. आपल्या जोडीचा तो पार्टनर, आणि दुसऱ्या बाजूला शेजारी उभा तो कॉर्नर. आपण जिथे उभे आहोत ती जागा म्हणजे घर, खरंच होमच म्हणतात, आणि सगळ्या उलाढाली झाल्या की पार्टनरला घेऊन घरी यायचं. स्टेजवर माइक धरून एकजण उभा असतो, कॉलर, तो सांगतो ते करायचं. डोसिडो म्हणाला की समोरच्याला पाठीला पाठ लावत वळसा घालून परत यायचं. हा शब्द फ्रेंचमधल्या पाठीला पाठ ह्यावरूनच आलाय. प्रॉमेनाड, अलेमांद, हे सगळे शब्द फ्रेंच, कारण तिकडचे कोटियाँ आणि काद्रीय हे दरबारी चौकोनी नाच अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इकडे आले. पोर्तुगीजांबरोबर असेच नाच गोव्यातही पोचले होते, मांडोत बायका-पुरुष समोरासमोर रांगा करून हळूहळू पुढे-मागे येतात ते बघितलं की त्या घराण्याची ओळख पटते.

पण फ्रान्सच्या दरबारात कॉलर नव्हता. तिथे नाच आधी मास्तरांकडून शिकायचा आणि पाठ करून जायचं, म्हणजे ज्याच्याकडे पैसे आणि वेळ त्यालाच नाचता येणार. कुणीतरी उभं राहून पुढची चाल आयत्या वेळी ओरडून सांगायची ही गोष्ट अमेरिकेत झाली, आणि सुरुवातीच्या ज्या कॉलर्सची नोंद सापडते ते काळे फिडलवाले होते. गोऱ्यांच्या नाचांना वाजवायला गुलामांना उभं करायचे, ती माणसं वाजवता वाजवता चाली सांगायची. त्यामुळे न शिकलेला माणूस आत येऊ शकला. माझ्यासारखी बाई एका शनिवारी शंकरपाळे घेऊन येते आणि अर्ध्या तासात नाचायला लागते, हे त्या माणसांमुळे. मला हे तेव्हा माहीत नव्हतं, पुढच्या आठवड्यात वाचत बसले तेव्हा कळलं, आणि कळल्यावर मी बराच वेळ गप्प बसले होते.

कॉलरचं काम वाटतं त्याच्यापेक्षा अवघड आहे. चाल सुरू व्हायच्या दोन-चार ठोके आधी त्याचे शब्द पोचायला हवेत, लवकर सांगितलं तर लोक घाई करतात, उशिरा सांगितलं तर धडकतात. आमचे कॉलर साठीचे असतील, उंच, आवाज मोठा नाही पण अगदी लयीत, सांगणं आणि गाणं ह्याच्या मधलं काहीतरी. आधी संगीत न लावता एकदा सगळ्यांना चालवून घ्यायचे. कुणी चुकलं की म्हणायचे, घरी जा, पार्टनरला शोधा, तिथून पुन्हा सुरू करू. मला बडबडगाणी म्हणून घेणारी बालवाडीतली बाई आठवली, तोच धीर.

दुसऱ्या नाचात आमच्या चौकोनात पहिली जोडी उजवीकडच्या जोडीकडे गेली, चौघांनी हात धरून गोल केला, मग बाईनं मध्ये जायचं आणि बाकीचे तिघं तिच्याभोवती फिरणार, म्हणजे पिंजऱ्यातला पक्षी. मग पक्षी बाहेर आणि कावळा आत, म्हणजे पुरुष मध्ये. मग पुढच्या जोडीकडे. दुसऱ्या एका नाचात हातांची कमान करून एका जोडीनं खालून वाकून जायचं, शिंपल्यासाठी बुडी. पंचाहत्तरीच्या माझ्या शेजारीणबाई त्या कमानीखालून ज्या वाकून गेल्या ते बघण्यासारखं होतं.

आणि सगळ्यात शेवटी ग्रँड राइट अँड लेफ्ट. पार्टनरला उजवा हात द्यायचा, ओढून पुढे जायचं, पुढच्याला डावा, त्याच्या पुढच्याला उजवा, पुरुष एका दिशेनं आणि बायका उलट्या दिशेनं, सगळा चौकोन एकमेकांत विणला जातो. पहिल्यांदा मी हात द्यायला विसरले आणि सगळी साखळी माझ्यापाशी अडली. समोरून येणाऱ्या त्या मुलानं, त्या थंडगार हातवाल्या, काही न बोलता माझा डावा हात उचलून स्वतःच्या हातात घेतला आणि मला पुढे सोडलं. पुढे एक हात वाट बघत होताच. त्याच्यापुढे आणखी एक. वेणीत पेड जातो तशी मी त्या माणसांतून गेले आणि पार्टनर समोर आला तेव्हा माझे डोळे भरून आले होते. कुणी काही विचारलं नाही, बरं झालं.

हल्ली काही ठिकाणी बाई-पुरुष म्हणत नाहीत, लार्क आणि रॉबिन म्हणतात, पक्ष्यांची नावं, लार्क डावीकडे रॉबिन उजवीकडे, मग कुणीही कुणाबरोबर नाचू शकतं. माझा पहिला नाच शेजारीणबाईंबरोबरच होता. त्यांनी मला स्विंग शिकवला.

स्विंग म्हणजे दोघांनी एकमेकांना धरून जागच्या जागी गरगर फिरायचं. उजवे पाय शेजारी शेजारी ठेवायचे, ते जवळजवळ तिथेच राहतात, आणि डाव्या पायानं मुलं पायानं ढकलायची स्कूटर चालवतात तसं ढकलत राहायचं. चक्कर येऊ नये म्हणून समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघायचं, भिंतीकडे नाही. मी सगळं बरोबर करत होते आणि तरी काहीतरी अडत होतं. त्या म्हणाल्या, तू स्वतःला धरून ठेवलंयस, मला वजन दे.

इथल्या नाचणाऱ्यांची ही बोली आहे, वजन द्या. मागे झुका, पाठीवरच्या हातात आपला भार टाका, समोरचाही तेवढाच मागे झुकेल, आणि मग दोघांपैकी कुणालाच जोर लावावा लागत नाही, तो फिरण्याचा वेग दोघांच्या मधोमध तयार होतो. दोघांतला एक जरी ताठ उभा राहिला तर दुसऱ्याला त्याला ओढत न्यावं लागतं. मला वाटत होतं की पंचाहत्तर वर्षांच्या बाईवर भार टाकायचा नाही म्हणून मी सांभाळून घेतेय, आणि प्रत्यक्षात मी त्यांचे खांदे दुखवत होते.

मग मी मागे झुकले. आणि माझ्या पाठीला, पोटऱ्यांना, मनगटांना एकदम आठवलं की हे मला येतं. ही तर फुगडी! मंगळागौरीला मावशीच्या वाड्यात, चवडे जुळवून, हातांची फुली, वेण्या उडतायत, आणि मागे झुकायचं एवढं की समोरचीनं सोडलं तर डोकंच फुटेल. तेव्हा भीती कधी वाटली नव्हती. चाळीस वर्षांनी, तेरा हजार किलोमीटर लांब, बँजोच्या तालावर ते अंगात जसंच्या तसं शिल्लक होतं. तो नाच संपला तेव्हा शेजारीणबाई धापा टाकत म्हणाल्या, आता कशी आलीस!

मध्यंतरात शंकरपाळे संपले. फिडलवाल्या बाईंनी मूठभर घेतले आणि मी त्यांच्याशेजारी बसून तारांचं विचारलं, तेव्हा त्यांनी जो थॉम्पसन ह्यांच्याबद्दल सांगितलं. मेबेनचेच. 1918 साली जन्मलेले, काळ्या शेतकरी कुटुंबातले, भाऊ नेट आणि चुलतभाऊ ओडेल बँजोवर आणि जो फिडलवर, तिघं लहानपणापासून आसपासच्या घरांत नाचांना वाजवायचे. पुढे फर्निचरच्या कारखान्यात नोकरी केली. मक्याची कणसं सोलायला सगळी आळी एका घरी जमायची, ढीग संपला की घरमालकानं जेवू घालायचं आणि मग खोलीतलं सामान बाहेर काढून नाच. मी ऐकता ऐकता म्हटलं, ही तर इर्जिक. आमच्या आजोळी नांगरटीला, पेरणीला सगळ्यांचे बैल एकाच्या शेतात यायचे आणि त्या घरचं जेवण असायचं, तीच गोष्ट. त्यांनी इर्जिक हा शब्द दोनदा म्हणून बघितला, त्यातला र त्यांच्या तोंडात छान बसला.

2005 साली बून गावात काळ्या बँजोवादकांचा एक मेळावा भरला होता, तिथे भेटलेली तीन तरुण मुलं पुढे मेबेनला जो थॉम्पसनच्या घरी दर आठवड्याला जाऊन बसायला लागली. ते तेव्हा शहाऐंशी-सत्त्याऐंशीचे, आधीच एक स्ट्रोक होऊन गेलेला. मुलं नुसती त्यांच्याबरोबर वाजवायची, तीच धून पुन्हा पुन्हा. त्यातून कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स हा बँड झाला आणि 2011 मध्ये त्यांना ग्रॅमी मिळालं. 2012 मध्ये जो गेले, त्याच्या आधी त्यांनी हे बघितलं. मी ह्या रस्त्यावरून एकोणीस वर्षं ये-जा केलीय, त्यातली पहिली बरीच वर्षं ते इथे जिवंत होते, वाजवत होते. मला कुणी सांगितलं नाही असं मी म्हणू शकत नाही, मी विचारलं नव्हतं.

आणि मग वाचायला लागले तेव्हा राग आला, तोही सांगते. 1917 साली सेसिल शार्प नावाचे इंग्लिश संग्राहक केंटकीतल्या पाइन माउंटनच्या शाळेत आले, रात्री एका मिणमिणत्या कंदिलाच्या उजेडात पडवीत चाललेला असा नाच बघून भारावून गेले, आणि त्यांनी ठरवलं की हा जुना, शुद्ध इंग्लिश नाच आहे जो डोंगरात टिकून राहिला. त्यांचं प्रेम खरं होतं, त्यांनी दम्याच्या शरीरानं ते डोंगर पालथे घातले, पण त्या डोंगरांत काळी माणसंही राहत होती आणि त्यांच्याकडे ते जवळजवळ गेलेच नाहीत. 1920च्या दशकात मोटारवाल्या हेन्री फोर्डनी पैसा ओतून हे जुने नाच शाळाशाळांतून शिकवायला लावले, कारण त्यांना जाझ नको होतं, जाझ म्हणजे ज्यूंनी आणि काळ्यांनी तरुण पिढी बिघडवली असं त्यांचं मत आणि त्यांच्या मालकीच्या वर्तमानपत्रात तसं छापूनही यायचं. म्हणजे काळ्यांपासून वाचवायला जे आणलं त्यातला कॉलर काळ्यांचा, बँजो काळ्यांचा. माझी मुलगी चौथीत असताना पीटीच्या तासाला स्क्वेअर डान्स शिकली होती, त्या तासामागे हा सगळा इतिहास होता आणि तिला शिकवताना त्यातलं एक अक्षर कुणी सांगितलं नाही. नाच बदनाम होऊ नये म्हणून हे झाकायचं असं काहींना वाटतं. मला उलट वाटतं. ज्यांनी दिलंय त्यांचं नाव घेतल्याशिवाय तो हात पुढे कसा करायचा.

त्या रात्री हॉलमध्ये काळी माणसं तीनच होती, आणि मी एकटी भारतीय. हेही मला दिसलं. कॉलरनी सुरुवातीलाच जो थॉम्पसनचं नाव घेऊन त्यांची एक धून वाजवायला सांगितली होती, तेव्हा मला त्या नावाचा अर्थ नव्हता. पुढच्या वेळी असेल.

शेवटी वॉल्ट्झ. दिवे थोडे कमी केले, फिडल पहिल्यांदाच लांब गज ओढायला लागलं, आणि अर्ध्या बोटांच्या त्या आजोबांनी हात पुढे केला. आम्ही काही बोललो नाही. तीन ठोक्यांत पाय कुठे टाकायचा हे मला कळत नव्हतं, त्यांना कळत होतं, तेवढं पुरलं. नंतर सगळ्यांनी मिळून खुर्च्या रचल्या, सुतारानं रुंद झाडूनं जमीन झाडली, बेसवाल्यानं तो अवाढव्य बेस छोट्याशा गाडीत तिरका करून बसवला. शेजारीणबाई गाडीत बसल्या बसल्या झोपल्या.

घरी आले तेव्हा साडेदहा, म्हणजे सांगलीत सकाळचे नऊ. आईला व्हिडिओ कॉल लावला. ती देवपूजा करून चहा घेत होती. म्हटलं, आई, फुगडीत हातांची फुली कशी असते गं, कुठला हात वर? ती म्हणाली, हे काय मध्येच. मग म्हणाली, थांब, आणि फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला, चष्मा वर सरकवला आणि दोन्ही हात मनगटांवर फुली करून पुढे धरले, बांगड्या मागे सरकल्या. उजवा वर, म्हणाली. मग स्वतःच हात खाली घेऊन पुन्हा धरून बघितले, नाही गं, डावा असेल, तुझ्या मावशीला विचारायला पाहिजे, आमची जोडी होती ना, मी तिच्या हातावरच हात ठेवायचे. मी स्क्रीनसमोर माझ्या हातांची फुली करून धरली. तशीच धर, हलवू नकोस, आई म्हणाली, मला नीट बघू दे.